पंपघराचं इंजिन उघडलं तेव्हा

शेडच्या दाराला दोन कुलपं पाहून दादा पायरीवरच थांबले. एक नेहमीचं, काळं पडलेलं, त्यांच्या खिशातल्या किल्लीचं. दुसरं नवंकोरं, पितळी.

"हे कुणी लावलं?"

"मी," मागून छोटी म्हणाली. "तुम्ही परवा इंजिन उचलायची चेनपुली बाहेर काढून ठेवायला सांगितलीत ना, आजच्या रविवारसाठी, म्हणून. काल रात्रीच लावलं."

"आपल्याच घरात कुलूप? कुणासाठी?"

"आपल्याच घरातल्यांसाठी, बाबा."

छोटी एकोणतीस वर्षांची होती आणि लेथवर बापापेक्षा बारीक काम करायची. घरात तिचं नाव मात्र अजून छोटीच. रविवारी वर्कशॉप बंद असायचं. बंद दिवशी एकट्या माणसाला दीड टनाचं इंजिन उघडायची घाई का व्हावी, हा प्रश्न तिनं शनिवारभर चघळला होता आणि रात्री जेवून उठल्यावर जाऊन कुलूप लावून आली होती. ते इंजिन दारात आल्यापासून बाबांचं ताटात लक्ष नव्हतं. मीठ मागायचे आणि समोर ठेवलं की म्हणायचे, हे कशाला?

इंजिन एका दातांच्या डॉक्टरनं आणलं होतं. त्याला जुन्या यंत्रांचं वेड. पंपघर पाडायला निघालं तेव्हा त्यानं हे उचललं आणि "पूर्वी तुमच्याच वर्कशॉपचा हात लागलाय याला, आता तुम्हीच चालू करून द्या" म्हणून आणून टाकलं. दादा त्या दिवशी बाहेरगावी होते. होकार छोटीनं दिला. परत आल्यावर दादांनी इंजिनाकडे बघून एवढंच विचारलं, "मला न विचारता?" नाही म्हणायला त्यांना कारण सापडलं नाही. निदान सांगण्याजोगं सापडलं नाही.

मग छोटीनं आत्याला फोन केला. हे तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यामुळे सोमवारी सकाळी आठ वाजता ताई, दादांची बहीण, फाटकातून आत आली, तेव्हा दादांच्या हातातली किल्ली खाली पडली.

एकोणीस वर्षांनी येत होती ती. केस पांढरे झाले होते, चाल तीच. काखेत कापडाची एक गुंडाळी होती. छोटीनं ती गुंडाळी लहानपणी पाहिली होती: आत सात स्क्रेपर, सातही ताईनं स्वतः घासून आकाराला आणलेले. बेअरिंगच्या मऊ पांढऱ्या धातूवरून केसाएवढा पापुद्रा काढणारा हात या वर्कशॉपमध्ये एकच होता. आबा, म्हणजे या भावंडांचे वडील, ज्यांनी हे वर्कशॉप उभं केलं, ते तिला सोनार म्हणायचे. गिऱ्हाइकासमोरसुद्धा. "थांबा जरा, आमच्या सोनाराला दाखवून घेतो."

मग पंपघराचं ते प्रकरण झालं. ताईनं या इंजिनाचं झिजून गेलेलं मुख्य बेअरिंग नव्यानं ओतलं, घासलं, बसवलं. शनिवारी इंजिन चालू झालं आणि तासाभरात बेअरिंग वितळून शाफ्टला चिकटलं. शाफ्ट जागच्या जागी अडला, पट्टा तुटला आणि चाबकासारखा पंपवाल्याच्या उजव्या हातावर बसला. तो हात पुन्हा सरळ झाला नाही. आबांनी जाऊन बघितलं आणि दोन शब्द म्हणाले: "घट्ट होतं." म्हणजे दोष घासणाऱ्या हाताचा. आबांनी सांगितल्यावर इंजिन उघडून बघायची कुणाला गरज वाटली नाही. पंपघरानं विजेची मोटर बसवली, इंजिन कोपऱ्यात ढकललं. महिन्याभरात ताईनं घर सोडलं आणि दुसऱ्या गावी जाऊन शिलाईची मशिनं दुरुस्त करायला लागली.

"ये," दादा म्हणाले. "आधी कळवलं असतंस तर..."

"तर रविवारीच उघडलं असतंस," ताई म्हणाली.

दादांनी छोटीकडे बघितलं. छोटीनं पितळी कुलपाकडे. मग दोन्ही कुलपं निघाली.

शेडमध्ये मास्तर आधीच येऊन उभे होते. तिघा भावंडांतले सगळ्यात धाकटे. वर्कशॉप सोडून तंत्रशाळेत शिकवायला लागले, तेव्हापासून घरातही मास्तरच झाले. म्हणजे आत जायला दुसरं दार होतं तर, छोटीच्या मनात आलं. आणि मग आठवलं, मागच्या खिडकीला गज नाहीत. पन्नाशीचा काका खिडकीतून आत उतरला होता.

"काका, तुम्ही?"

"तुझ्या बाबांनी बोलावलं," मास्तर पँटवरची धूळ झटकत म्हणाले. "म्हणाले, ये. कुलूप आहे हे नाही सांगितलं."

ताई धाकट्या भावाकडे न बघता इंजिनाभोवती एक फेरी मारून आली. बेअरिंगपाशी थांबली, पण हात लावला नाही.

"कोण उघडणार?" मास्तरांनी विचारलं.

"मी," दादा आणि ताई एकदमच म्हणाले.

कुणी हसलं नाही.

"छोटी उघडेल," ताई म्हणाली. "तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिच्यावर संशय घ्यायला कुणालाच जमणार नाही."

बेअरिंगवरच्या टोपणाचे दोन नट गंजून एकजीव झाले होते. रॉकेल सोडून अर्धा तास वाट बघावी लागली. त्या अर्ध्या तासात तिघं भावंडं तीन कोपऱ्यांत उभी राहिली आणि प्रत्येक जण बाकीच्या दोघांचे हात बघत होता. शेवटी छोटीनं पान्याला पाइप घातला, अंगाचा भार टाकला, आणि पहिला नट सुटला.

टोपण उचलल्यावर आतून डांबरासारखं काळं तेल दिसलं. छोटीनं चिंधीनं पुसत आणलं. खालून धातू दिसला. मेणबत्ती ओघळावी तसा ओघळून शाफ्टवर गोठलेला.

"वितळलंय," दादा लगेच म्हणाले. "बघ. आबा म्हणाले तेच. घट्ट होतं."

"घट्ट असलं तरी वितळतं आणि तेल नसलं तरी वितळतं," ताई म्हणाली. "छोटी, टोपणाच्या भोकातून तार घाल. तेल जायच्या वाटेनं."

बेअरिंगचे दोन अर्धे भाग असतात; वर्कशॉपमध्ये त्यांना वाट्याच म्हणायचे. वरची वाटी टोपणाच्या आत बसते. टोपणातून तेलाचं भोक खाली येतं आणि वाटीतलं भोक त्याच्या बरोबर खाली असलं, तरच तेल शाफ्टपर्यंत पोचतं. वाटीचं भोक मधोमध नसतं, एका अंगाला असतं. छोटीनं तार घातली. दोन बोटं खोल गेली आणि अडली.

"कशावर अडली?"

"धातूवर." छोटीनं टोपण उजेडात उलटं धरलं. "इथं वाटीला भोकच नाही. भोक पलीकडच्या अंगाला आहे."

"टिंबं बघ."

ताई नेहमी पंचनं दोन टिंबं मारायची, मोहरीएवढी. एक टोपणाच्या कडेला, एक वाटीच्या कडेला, शेजारी शेजारी. पुढं कधी कुणी उघडलं, तर टिंबाला टिंब लावून बसवावं, चुकू नये, म्हणून. छोटीनं अंगठ्यानं काजळी पुसली. टोपणाचं टिंब चाकाच्या बाजूला होतं. वाटीचं टिंब पंपाच्या बाजूला.

"वाटी उलटी बसलीय," छोटी म्हणाली.

"मीच उलटी बसवली, असं म्हणायचंय का कुणाला?" ताईचा आवाज अगदी खाली होता. "म्हणा. मी ऐकते."

दादांनी घसा साफ केला.

"टोपण मास्तरनं बंद केलं होतं."

*

मास्तर पहिल्या बसनं आले होते, शाळेत रजा टाकून. आदल्या दिवशी फोनवर दादा म्हणाले होते, "छोटी आता इंजिन सगळ्यांसमोर उघडायला लावणार. तू नुसता माझ्या बाजूनं उभा राहा, बाकी मी बघतो." आणि मास्तर आले होते, कारण एकोणीस वर्षांपूर्वी ते असेच दादांच्या बाजूनं नुसते उभे राहिले होते, आणि एकदा घेतलेली बाजू सोडायला पुष्कळ बळ लागतं.

"दादा," ते म्हणाले, "यासाठी बोलावलंस होय मला? बळीचा बकरा कमी पडत होता?"

"मी फक्त खरं काय ते सांगतोय. कामाच्या कार्डावर टोपण बंद केल्याची सही तुझी आहे."

"आहेच. गुरुवारची. आणि मी टोपण बंद करताना ताई बॅटरी धरून शेजारी उभी होती. टिंबाला टिंब लागल्याशिवाय नट आवळले असते, तर टाळकं फोडलं असतं तिनं माझं."

"खरं आहे," ताई म्हणाली. "मी पाहिलंय. टिंबं लागली होती."

एवढ्या वर्षांत ती धाकट्या भावाबद्दल पहिल्यांदाच बरं बोलली होती. मास्तरांना ते अनपेक्षित होतं. नकळत ते दोन पावलं सरकले आणि इंजिनाच्या तिच्या बाजूला जाऊन उभे राहिले. दादांनी ते पाहिलं.

"हां. झालं का? फिरलास लगेच?"

"मी फिरलो नाही, तू ढकललंस." मास्तर आता वर्गात मोजतात तसं बोटांवर मोजायला लागले. "गुरुवारी बंद केलं. शनिवारी चालू केलं. मध्ये उरला शुक्रवार. शुक्रवारी पंपघराला कुलूप. किल्ल्या दोन. एक पंपवाल्याकडे, तो शुक्रवारी रजेवर, सासुरवाडीला, हे सगळ्यांना माहीत. दुसरी आपल्या ऑफिसात, खिळ्याला. म्हणजे शुक्रवारी जो कुणी पंपघरात गेला, तो आपल्यातला."

"बाहेरचा कुणी..."

"बाहेरचा माणूस किल्ली घेईल, नट सोडेल, वाटी फिरवेल, परत नट आवळेल आणि किल्ली खिळ्याला लावून जाईल? एवढा शहाणा चोर मी नाही पाहिला."

ताई दादांकडेच बघत होती. "रविवारी एकटा उघडून काय करणार होतास, दादा? वाटी सरळ करून ठेवणार होतास? आणि मग आम्हाला बोलावून दाखवणार होतास, बघा, घट्टच होतं?"

दादांनी पान्याची मूठ चिंधीनं पुसायला घेतली.

"त्या वर्षी आबा वर्कशॉप हिच्या हाती द्यायला निघाले होते," मास्तर म्हणाले. छोटीकडे बघून म्हणाले. बाकीच्यांना सांगायची गरज नव्हती. "तुझ्या बाबांना ते बिलकूल मान्य नव्हतं. महिनाभर दोघं बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. मला तेव्हाही पाणी कुठंतरी मुरतंय असं वाटलं होतं."

"वाटलं होतं तर बोलला का नाहीस?" ताईनं विचारलं.

मास्तरांची मोजणारी बोटं खिशात गेली.

*

वहिनी, छोटीची आई, चहाचा ट्रे घेऊन शेडच्या दारात आल्या, त्या तिथंच उभ्या राहिल्या. सकाळपासून त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेडकडे बघत होत्या. आवाज चढले तेव्हा त्यांनी गॅस बंद केला. आवाज एकदम पडले तेव्हा चहा ओतला. आवाज पडले की काहीतरी वाईट बोलून झालेलं असतं, हे त्यांना या घरात येऊन पस्तीस वर्षांत कळलं होतं.

"मीच केलं," त्यांचा नवरा म्हणत होता.

मास्तरांनी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"मी गेलो शुक्रवारी संध्याकाळी. टोपण उघडलं, वाटी फिरवली, बंद केलं. मला वर्कशॉप हवं होतं. झालं समाधान? पंपवाल्याला लागेल असं वाटलं नव्हतं. बेअरिंग बिघडेल, हिचं नाव खराब होईल, एवढंच वाटलं होतं." हे बोलताना दादा उजव्या कानाची पाळी चोळत होते. खोटं बोलताना ते नेहमी तेच करत. वहिनी सोडून हे कुणाला ठाऊक नव्हतं.

ताई हळूच लाकडी खोक्यावर बसली. इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं होतं, आणि तिचा चेहरा तसा दिसत नव्हता.

"कुठल्या शुक्रवारी, बाबा?" छोटीनं विचारलं.

"अगं त्याच. आदल्या दिवशी."

"त्या शुक्रवारी माझ्या टॉन्सिलचं ऑपरेशन होतं."

दादांचा हात कानावरून खाली आला.

"तुम्ही दिवसभर माझ्या खाटेपाशी होतात. मी तुमचा हात सोडत नव्हते. लघवीला जायचं तरी माझी परवानगी मागत होतात, नर्स हसत होत्या. शनिवारी पंपघरातून निरोप आला तो हॉस्पिटलमध्येच आला. त्याच शनिवारी."

"तू लहान होतीस. तुला काय आठवतंय."

"तुम्ही चमच्यानं आईस्क्रीम भरवत होतात. निरोप ऐकून चमचा माझ्या नाकाला लावलात. ते कसं विसरेन?"

"मग कुणाला झाकतोयस तू?" ताई उठली. "दादा, कुणाला झाकतोयस?"

वहिनींनी ट्रे लेथवर ठेवला. लेथवर पाण्याचा पेलासुद्धा ठेवायची मुभा या घरात कुणाला नव्हती.

"आबांना," त्या म्हणाल्या.

"तू गप्प बस," दादा म्हणाले.

"गप्पच आहे. एकोणीस वर्षं." वहिनींनी पदराला हात पुसले. "वन्सं, त्या शुक्रवारी मी हॉस्पिटलातून कपडे न्यायला घरी आले. दिवे लागायची वेळ होती. आबा मागं नळाखाली उभे राहून शर्टाच्या बाह्या साबणानं घासत होते. बाह्या निळ्या झाल्या होत्या. तुम्ही शाफ्टला लावायचात ना ते निळं, धातू कुठं टेकतोय ते बघायला? ते कपड्यावरून निघत नाही. मी म्हटलं, आबा, द्या इकडं. ते म्हणाले, सोनाराचं काम तपासून आलो. मी विचारलं, आहे का बरोबर? म्हणाले, दिसायला तर बरं दिसतंय."

"दिसायला," मास्तर पुटपुटले.

त्या वर्षी आबांनी दारामागच्या कोटाला दोनदा "या, बसा" म्हटलं होतं. घरानं ते हसण्यावारी नेलं होतं. डॉक्टरकडे जाऊ या म्हटलं की आबा म्हणायचे, माझी नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि आबा कुणाला कळू देत नव्हते. मोहरीएवढी टिंबं त्यांना दिसणारच नव्हती.

"शनिवारी पंपघराचं कळलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं," वहिनी म्हणाल्या. "मी यांना सांगितलं. यांनी आबांना विचारलं नाही. मीही विचारलं नाही. आम्ही दोघांनी ठरवलं, हे इथंच पुरायचं."

"का?" ताईनं विचारलं.

"त्यांच्या नजरेवर गाव विश्वास ठेवायचं. त्या वयात तो विश्वास गेला असता तर राहिलं काय असतं त्यांच्यापाशी? तुम्ही तरुण होतात. तुमच्या हातात कसब होतं. वाटलं, तुम्ही कुठंही तराल."

"एवढंच?" मास्तर म्हणाले.

वहिनींना एवढंच म्हणून थांबता आलं असतं. त्यांनी मुलीकडे बघितलं. छोटी टोपण अजून हातात धरून उभी होती.

"नाही. एवढंच नाही. वर्कशॉप तुमच्याकडे गेलं तर माझ्या पोरीच्या वाट्याला काय राहील, हेही आलं मनात. ते आधी आलं, खरं सांगायचं तर."

छोटीनं टोपण खाली ठेवलं. मग आईकडे पाठ करून ती चिंधीनं हात पुसत राहिली.

*

ताईला पंपघराचं दार आठवत होतं. त्या शनिवारी तिला आत येऊ दिलं नव्हतं. पंपवाल्याची बायको तिच्या नावानं ओरडत होती आणि दोन माणसं तिला दारातच अडवून उभी होती. त्यांच्या खांद्यांमधून तिला आबा दिसत होते, इंजिनावर वाकलेले.

"त्यांनी टोपणावर हात ठेवला नव्हता," ती म्हणाली. "कडेवरून अंगठा फिरवला होता. आधी या अंगाला. मग त्या अंगाला. मला तेव्हा वाटलं, किती गरम आहे ते बघतायत." ती थांबली. "टिंबं हातांना लागतात. डोळे गेलेल्या माणसालाही लागतात. त्यांना तिथंच कळलं होतं, दादा. आणि मग ते म्हणाले, घट्ट होतं."

हे दादांना नवीन होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. आबांनी नकळत चूक केली, एवढ्यावर त्यांनी इतकी वर्षं काढली होती.

"चल," ताई म्हणाली.

"कुठं?"

"पंपवाल्याकडे. तू सांगायचंस. तुझ्या तोंडानं."

पंपवाला अजून पंपघरामागच्या चाळीतच राहत होता. दुपारचं ऊन डोक्यावर घेऊन दोघं चालत गेले. ताई अर्धं पाऊल मागून चालत होती. दादा कुठल्या वळणावर सटकतील की काय, असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं.

म्हातारा दारात बसून डाव्या हातानं कुंडीतली माती उकरत होता. उजवा हात मांडीवर ठेवला होता, कोपरातून वाकडा. ताईला त्यानं लगेच ओळखलं. बसा म्हणाला नाही.

"ते पंपघराचं इंजिन," दादांनी सुरुवात केली. "आमच्याकडे आलंय. आज उघडलं."

"बरं."

"तेव्हा ते जे झालं... ती चूक हिची नव्हती. दुसऱ्या कुणाची तरी होती."

"कुणाची तरी म्हणजे?"

दादांनी कानाकडे नेलेला हात मध्येच थांबवला आणि खिशात घातला. "आमच्या आबांची. त्यांनी बेअरिंग उघडून परत उलटं बसवलं. त्यांना दिसत नव्हतं. आणि मला माहीत होतं. मी लपवलं."

म्हाताऱ्यानं खुरपं खाली ठेवलं.

"दर महिन्याला यायचे ते माझ्याकडे," तो म्हणाला. "अंथरूण धरेपर्यंत. इथंच बसायचे, या पायरीवर. बोलायचे काही नाहीत. मला वाटायचं, पोरीच्या चुकीचा भार वाहतोय बिचारा. मीच समजूत घालायचो त्यांची. म्हणायचो, आबा, पोरींच्या हातात असली कामं द्यायची नाहीत. ते मान हलवायचे."

"हो म्हणून, की नाही म्हणून?" ताईनं विचारलं.

म्हातारा विचारात पडला. "तसं ध्यानात नाही, बाई. नुसती हलवायचे." मग त्यानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांकडे बघितलं. "तुम्हाला मी फार शिव्या दिल्यात. रोज सकाळी, शर्टाची बटणं लावताना."

"आणि आता?"

"आता बघतो. इतक्या वर्षांची सवय, एकदम कशी सुटेल?" त्यानं घरात आवाज दिला, "अगं, दोन कप चहा टाक." मग दादांकडे बघून म्हणाला, "दोनच. एक माझा, एक बाईंचा."

दादा रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

परतताना ऊन कललं होतं. शाळा सुटून पोरं सायकलींवरून जात होती. ताईनं चालता चालताच विचारलं, "आबा गेले त्याआधी किती दिवस अंथरुणावर होते?"

"सात महिने."

"त्यात मला बोलावलं होतं त्यांनी?"

दादा दहा-बारा पावलं चालले. "हो."

"किती वेळा?"

"रोज."

ताई थांबली. "मला तुझा निरोप आला होता. आबा म्हणतायत, तुझं तोंड बघायचं नाही."

"हो."

"आणि त्यांना काय सांगायचास?"

"ती येत नाही म्हणते." दादांनी तिच्याकडे न बघता सांगितलं. "तू आली असतीस तर त्यांनी सगळं सांगून टाकलं असतं. मला दिसत होतं ते. ओठांवर आलं होतं त्यांच्या."

रस्त्याच्या कडेला एक भिंत होती, तिला ताई टेकून उभी राहिली. दादा जवळ यायला लागले तसा तिनं हात पुढे करून त्यांना थांबवलं. ती रडली, पण थोडा वेळच, आणि तोंड फिरवून. मग चेहरा पुसून म्हणाली, "बेअरिंग मी करून देईन. छोटीला शिकवेन. पंधरा दिवस लागतील. ते पंधरा दिवस तू शेडमध्ये पाऊल टाकायचं नाहीस."

"आणि मग?"

"मगचं मला माहीत नाही, दादा. विचारू नकोस."

घरी पोचेपर्यंत पाच वाजून गेले होते. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. त्या उठल्या, पण ताई त्यांच्यावरून सरळ शेडकडे गेली. दादा पायरीपर्यंत आले आणि तिथंच खाली बसले. मास्तरांनी आतून त्यांना पाहिलं, या म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही.

छोटीनं शाफ्ट धुऊन पुसून लाकडी ठोकळ्यांवर ठेवला होता. चिकटलेला धातू खरवडून काढला होता. खालून लोखंड स्वच्छ दिसत होतं. मध्ये दोन खोल चरे आणि एका अंगाला झीज.

"आत्या, मापं घेतलीत," ती म्हणाली. "चार ठिकाणी, आडवी-उभी. झीज एका बाजूला जास्त आहे, शाफ्ट घासून गोल करावा लागेल. पण तू एकदा बघून घे. माझं चुकलं असलं तर?"

मापाचं यंत्र शाफ्टजवळच ठेवलेलं होतं. ताईचा हात तिकडे गेला. एकदा खात्री करून घ्यावी, एकदाच, कुणाला काय फरक पडतो, असं तिच्या मनात आलंही. तिनं हात मागं घेतला.

"तू घेतलीस ना मापं?"

"हो."

"नीट घेतलीस?"

"दोनदा घेतली."

"मग मी कशाला बघू?" ताईनं खोकं ओढून घेतलं, त्यावर बसली आणि पेन्सिल कानामागून काढली. "वाच. मी लिहून घेते."

छोटीनं कागद उजेडात धरला आणि आकडे वाचायला लागली.